जूनमध्ये सुरू होणारी डायरी

नमस्कार. टॅबलेटवर आपली डायरी आपणच कशी करायची, ते आज बघू. मी शाळेत शिकवते, त्यामुळे माझं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. डायऱ्या मात्र जानेवारीत मिळतात. कधी बँकेची, कधी विमा एजंटची, कधी एखाद्या पालकांनी प्रेमाने आणून दिलेली. वर्षानुवर्षं मी त्याच वापरल्या. आणि दर डिसेंबरच्या शेवटी, ऐन दुसऱ्या सत्रात, सगळं नव्या डायरीत उतरवत बसले: कुठल्या वर्गाचे कुठले धडे राहिलेत, सहलीचे पैसे कुणाचे आले, कुणाचे बाकी आहेत.

त्यातल्या एका डायरीत आईच्या ऑपरेशनचा दिवस आहे. त्या पानावर बोटभर जागा मोकळी नाही. समासात औषधांच्या वेळा, तळाशी बारीक अक्षरात पथ्य, कोपऱ्यात टाचलेली मेडिकलची दोन बिलं आणि शेवटी एक बाण, ‘पुढे पाहा’. पुढचं पान आधीच पालकसभेच्या मुद्द्यांनी भरलेलं, म्हणून तो बाण थेट दिवाळीच्या सुट्टीतल्या एका कोऱ्या पानावर जातो. तिथे आईच्या तपासण्यांचे आकडे आहेत. छापलेली डायरी प्रत्येक दिवसाला सारखीच जागा देते. आपले दिवस तसे सारखे कुठे असतात? मी टॅबलेटकडे वळले ती यासाठी. कागद वाचतो, दप्तराचं ओझं कमी होतं हेही खरं, पण तेवढ्यासाठी मी माझी डायरी सोडली नसती.

सुरुवातीला मी टॅबलेटवरचा एक तयार प्लॅनर, म्हणजे आखलेली डिजिटल डायरी, विकत घेतला. दिसायला फार सुंदर. पण नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगची चौकट होती आणि गुढीपाडव्याचा पत्ता नव्हता. वर्ष अर्थातच जानेवारी ते डिसेंबर. म्हणजे जी अडचण कागदावर होती, तीच मी पैसे देऊन काचेवर आणली. तेव्हा ठरवलं, आपलं आपण करायचं.

ते वाटतं तितकं अवघड नाही. डिजिटल प्लॅनर म्हणजे बहुतेक वेळा एक पीडीएफच असते, तिच्या पानांना एकमेकांच्या लिंक जोडलेल्या असतात. पॉवरपॉइंट किंवा कीनोट अशा स्लाइड बनवायच्या ॲपमध्ये एकेक पान आखायचं. उजव्या कडेला बारा पट्ट्या काढायच्या, जुन्या टेलिफोन डायरीला अक्षरांच्या असायच्या तशा. प्रत्येक पट्टीला त्या महिन्याच्या पानाची लिंक द्यायची आणि सगळं पीडीएफ म्हणून साठवायचं. मग ती फाइल गुडनोट्ससारख्या ॲपमध्ये उघडून पेनने लिहायचं. नवीन माणूस एका ठिकाणी हमखास अडतो: पेन चालू असताना पट्टीवर टेकवलं तर तिथे टिंब उमटतं, पान उघडत नाही. आधी वाचनाचा मोड लावायचा आणि मग पट्टीला स्पर्श करायचा.

माझी पहिली पट्टी जूनची आहे, शेवटची मेची. संकष्टी आणि एकादशी मी महिन्याच्या पानावर स्वतः लिहिल्या, कारण घरी उपवास कुणाचा आहे त्यावर डबा ठरतो. आणि एखादा दिवस मोठा निघाला, तर त्याच्या मागे कोरं पान घालते. दोन घालते, चार घालते. बिलाचा फोटो तिथेच चिकटवते. पुढे ढकललेलं काम पेनने घेरून उचलायचं आणि दुसऱ्या पानावर ठेवायचं, पुन्हा लिहायला नको.

लिहायचं मात्र हातानेच, असा माझा आग्रह आहे. पॅम म्युलर आणि डॅनिएल ओपनहायमर या मानसशास्त्राच्या संशोधकांनी २०१४मध्ये विद्यार्थ्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. लॅपटॉपवर टंकणारे व्याख्यान जवळजवळ शब्दशः उतरवत होते, पण समजेवरच्या प्रश्नांत हाताने लिहिणारे पुढे राहिले. नंतरच्या प्रयोगांत हा फरक इतका ठळक दिसला नाही, तेही सांगायला हवं. माझ्या वर्गातला अनुभव विचाराल तर हात थोडा सावकाश चालतो, आणि तेवढ्यात नेमकं काय लिहायचं ते डोक्यात ठरतं.

एक नुकसान मनापासून सांगते. पहिल्याच वर्षी टॅबलेट पायरीवरून पडला आणि बंद झाला. बॅकअप मी चालूच केला नव्हता. तीन आठवड्यांच्या नोंदी गेल्या, त्यात आईच्या साखरेचे आकडे होते. ते परत मिळाले नाहीत. कागदाची डायरी पडली असती तर उचलून घेतली असती. तेव्हापासून दर रविवारी मी अख्खा प्लॅनर पीडीएफ करून दुसरीकडे ठेवते. ॲपच्या स्वतःच्या फाइलवर विसंबू नका. पीडीएफ २००८पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे, ती कुठल्याही संगणकावर उघडते.

आणि भिंतीवरचं कालनिर्णय तिथेच आहे. दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, कामवाल्या मावशींची सुट्टी हे सगळं त्यावरच, कारण ते घरातला कुणीही जाता जाता लिहितो. माझ्या टॅबलेटला पासवर्ड आहे. जे घराचं आहे ते त्याच्या आत कोंडू नये असं मला वाटतं.

आता पडद्यावर बघा. हे कोरं पान आहे. उजवीकडे एक चौकोन काढते, त्यात ‘जून’ लिहिते आणि त्याला पहिली लिंक देते. ज्यांनी टॅबलेट आणलाय त्यांनी माझ्याबरोबर करा. मागच्यांना दिसत नसेल तर पुढे या, इथे जागा आहे.