कालचं पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्यात कुणाशी नवी ओळख झाली की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला एक प्रश्न येतोच. 'तुम्ही मूळचे कुठले?' रिक्षात येतो, बँकेच्या रांगेत येतो, लग्नाच्या पंगतीत तर येतोच येतो. समोरचा बीड म्हणतो, सोलापूर म्हणतो, पाटणा किंवा कटक म्हणतो, आणि आपण मनात नोंद करून टाकतो, हे बाहेरून आलेले. आज मला ह्या बाहेरून आलेल्यांबद्दल बोलायचंय, आणि त्यांच्या येण्यानं आपलं, इथल्या जुन्या माणसांचं, काय होतं त्याबद्दल.

थोडं मागे जाऊ. पेशव्यांचं घराणं मूळचं पुण्याचं नव्हे, हे आपण शाळेत शिकलो आणि विसरून गेलो. बाळाजी विश्वनाथ भट श्रीवर्धनचे. बाजीरावांनी १७३० साली शनिवारवाड्याचा पाया घातला आणि मग कोकणातून, देशावरून, गुजरातेतून, मारवाडातून माणसं येत राहिली. कारकून आले, सावकार आले, तांबट आले. पेठांवर पेठा वसल्या. इतकी माणसं झाली की आहे ते पाणी पुरेना. तेव्हा १७५०च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून घेतला, तिथून जमिनीखालून नळ काढला आणि शहरात ठिकठिकाणी हौद बांधून ते पाणी खेळवलं. माणसं आली, पाणी पुरेना. हे एवढं ध्यानात ठेवा, कारण मी तुम्हाला शेवटी पाण्याचीच गोष्ट सांगणार आहे.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं पिंपरीच्या कॅम्पात आली. १९५४ साली पिंपरीतच हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, मागोमाग मोटारींचे आणि स्कूटरचे कारखाने आले, आणि गावोगावची तरुण मुलं कामाला आली. १९७२च्या दुष्काळानं कितीतरी घरं इकडे आणून सोडली. मग हिंजवडीतल्या आयटी कंपन्या. २००१च्या जनगणनेत पुणे महापालिकेत २५ लाखांच्या घरात माणसं होती, २०११ला ३१ लाखांच्या वर. २०१७ साली ११ गावं महापालिकेत आली, २०२१ साली आणखी २३.

त्रास झाला नाही असं मी म्हणणार नाही. झालाय. बोअर आटलेत, उन्हाळ्यात टँकरच्या मागे धावावं लागतं, पेठेत वाढलेल्या मुलाला पेठेत घर घेणं परवडत नाही आणि तो नऱ्ह्याला किंवा वाघोलीला राहायला जातो. टेकड्यांच्या उतारावर घरं चढत गेली, ओढे बुजले. हे दुःख खरं आहे. पण ओढा बुजवून इमारत कुणी बांधली, तिला परवानगी कुणी दिली, हे विचारायचं सोडून आपण तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या पोराला बोल लावतो, हे मला पटत नाही.

आणि एक बोलून घेते, विषयाला जरा सोडून आहे. नवे लोक मराठी शिकत नाहीत अशी आपली तक्रार असते. पण भाजीवाला उत्तरेकडचा दिसला की आपणच आधी हिंदी सुरू करतो. 'भैया, कोथिंबीर कैसी दी?' अहो, तो दहा वर्षं मंडईत बसतोय, त्याला 'जुडी केवढ्याला' कळतं. त्यानं मराठी शिकावी कुणाकडून, आपण बोलूच दिली नाही तर? मराठीत बोला, सावकाश बोला, दोनदा बोला. असो.

आता गोष्ट. आमच्याच घरची आहे.

आम्ही कोथरूडला राहतो. तीन मजले, बारा फ्लॅट, लिफ्ट नाही. १९८८ साली इथे राहायला आलो तेव्हापासून आईची सकाळ एकसारखी आहे. पावणेसहाला नळाला पाणी येतं. त्याआधी आई उठलेली असते, तांब्याचा हंडा चिंच-मीठ लावून लख्ख करते, नळाच्या तोंडाला दुहेरी पंचा बांधते आणि ताजं पाणी भरून घेते. पण हंडा घासायचा तर तो आधी रिकामा हवा. म्हणून कालचं उरलेलं पाणी ती मागच्या गॅलरीतल्या मोरीत ओतून देई. शिळं पाणी. तुमच्याही घरी हेच चालत असणार. आमच्या आजीनं केलं, आईनं केलं, मीही करत होते. घरटी पंधरा लिटर धरा, बारा घरांचं १८० लिटर पाणी रोज पहाटे आमच्या इमारतीतून गटारात जात होतं, आणि तेही पिण्याचं, गाळलेलं.

लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं ते वर्ष तुम्हाला आठवत असेल, २०१६. मिरजेहून गाडी भरून जायची. त्याच्या पुढच्या जूनमध्ये आमच्या तळमजल्यावर एक बिऱ्हाड आलं. औशाजवळच्या खेड्यातलं. मुलगा हिंजवडीत नोकरीला, सून, दोन लेकरं, आणि मुलाची आई. आम्ही सगळे त्यांना आजी म्हणायला लागलो. नऊवारी, कपाळाला ठसठशीत कुंकू, आणि आवाज असा की तिसऱ्या मजल्यावर ऐकू यावा.

आमच्या गॅलरीतून जो पाइप खाली उतरतो त्याचं तोंड आजींच्या मागच्या दाराशी उघडं आहे. चौथ्या-पाचव्या दिवशी आईनं पाणी ओतलं तर नेहमीसारखा आवाज आला नाही. भदभद असा आवाज आला. आईनं वाकून पाहिलं. खाली पाइपच्या तोंडाशी निळी बादली लावलेली, आणि आजी शेजारी उकिडव्या बसलेल्या, एक हात बादलीच्या काठावर.

आईला ते लागलं. आपण टाकलेलं पाणी कुणीतरी भरून घेतंय, म्हणजे काय? ती तशीच खाली गेली. मी मागोमाग.

"अहो, हे काय करताय? वापरायला पाणी कमी पडतंय का? मागून न्यायचं ना वरून."

आजी उठल्या. म्हणाल्या, "कमी कशाला पडंल माय, इथं तर रोज येतंय. पर तुमी चांगलं पाणी कामून ओतून द्यायलाव?"

"कालचं आहे हो ते. शिळं झालं."

"पाणी शिळं?" आजींना खरंच कळेना. त्यांनी बादलीत हात घातला, ओंजळभर पाणी उचललं आणि उजेडाकडे धरलं. "पाणी काय भाकर हाय का, शिळं व्हायला?"

पाणी काय भाकर आहे का, शिळं व्हायला. श्रोतेहो, हे वाक्य माझ्या कानात अजून आहे.

मग त्या सांगत राहिल्या. टँकर यायचा आणि विहिरीत रिकामा व्हायचा, पोरी दोर धरून खाली उतरायच्या. भाजी धुतलेलं पाणी भांड्याला, भांड्याचं म्हशीला. पाहुणा आला की आधी त्याच्या हातात तांब्या देतो आपण, तर त्या उन्हाळ्यात पाहुणाच बाटली घेऊन यायचा. हे सगळं त्या शेजारणीला बाजारभाव सांगावा तशा सांगत होत्या. शेवटी त्यांनी आईला विचारलं, "तुमी कवा पाणी तुटलेलं बगितलंच न्हाई का, बाई?"

आई काही बोलली नाही. वर आली, स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहिली. हंडा अर्धा घासलेला, हाताला चिंच तशीच. मी चहा टाकला तरी बोलेना. आणि मग म्हणाली, "बघितलंय गं मी."

१२ जुलै १९६१. पानशेत फुटलं तेव्हा आई नऊ वर्षांची होती, नारायण पेठेत नदीच्या बाजूला घर होतं त्यांचं. पुराच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकल्यात. माडीपर्यंत आलेलं पाणी, पुढे किती दिवस उपसलेला चिखल, वाहून गेलेली लग्नातली पेटी. पण पुरानंतरचं तिनं कधी सांगितलं नव्हतं. पानशेत गेलं तसं खडकवासल्याचं धरणही गेलं. शहराला पाणी देणारं धरणच राहिलं नाही, मग नळाला पाणी कुठलं यायला? जिकडेतिकडे पाण्याचा चिखल आणि प्यायला थेंब नाही. तेव्हा जुन्या वाड्यांतल्या विहिरी आणि हौद कामाला आले. आई आणि मामा सदाशिव पेठेत एका वाड्यावर पाणी आणायला जायचे. विहिरीच्या रहाटापाशी त्या घरची एक बाई उभी असायची. घरटी दोन कळश्या, तिसरी नाही. आई ती कळशी कमरेवर घेऊन निघायची आणि तिला धाक एकच, हिंदकळायला नको. पाणी सांडलं तर घरी काय सांगायचं?

ज्या मुलीनं ती कळशी आणली, तिनंच पुढे कितीतरी वर्षं रोज हंडाभर पाणी ओतून दिलं होतं. आई हे म्हणाली नाही, पण ती हंड्याकडे बघत होती त्यावरून मला कळलं.

त्यांचं घर पडलं. मग लोकमान्यनगरात एक खोली मिळाली. पूरग्रस्त म्हणून नाव लागलं ते लग्न होईपर्यंत पुसलं गेलं नाही. पुढे कोथरूडला आलो तर इथले गावातले जुने लोक आम्हाला 'पेठेतली माणसं' म्हणायचे. दुधाचा रतीब लावताना त्या मावशींनी आईला विचारलेलं मला आठवतंय, "मूळच्या कुठल्या तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी आईनं कालचं पाणी कळशीत ओतून घेतलं आणि स्वतः जिना उतरून आजींकडे नेलं. आजींनी ते दारातल्या तुळशीला, कढीपत्त्याला घातलं आणि उरलेल्यात फडकी धुतली. महिनाभरात पहिल्या मजल्यावरच्या काकूंनीही ओतणं बंद केलं. रात्री गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली की आम्हाला झोपेत कळायचं नाही, पण आजींना कळायचं. त्या थेट सेक्रेटरींचं दार वाजवायच्या. दोन-तीनदा कुरबूर झाली, भाडेकरूनं एवढं सांगावं का, असंही कुणी बोललं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये आई उभी राहिली आणि म्हणाली, "पाणी वाहतंय हे ऐकू येणारं एक माणूस आपल्याकडे आलंय, त्यांचं ऐका." टाकीचा बॉलकॉक त्याच आठवड्यात बदलला गेला. तीस वर्षं आमच्या नळाला पाणी आहे आणि तीस वर्षं आम्हाला ते वाहताना ऐकू येत नव्हतं.

डिसेंबरात वेळा अमावस्या आली. लातूरकडे त्या दिवशी सगळं गाव शेतात जेवायला जातं. इथे शेत कुठलं, म्हणून आजींनी गच्चीवर घोंगडी अंथरली. ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, बाजरीचे उंडे आणि भाज्या-शेंगदाणे घालून केलेली दाट भज्जी. कोथरूडच्या गच्चीवर मातीच्या मडक्यातली थंडगार आंबील प्यायलो आम्ही. आता ती अमावस्या आई चुकवत नाही. भज्जी आजींसारखी जमत नाही, पण करते.

२०२१ साली त्यांनी सूसला स्वतःचं घर घेतलं. तिथे टँकर येतो. आजी तिकडे राहायला गेल्या, तळमजल्यावर दुसरी माणसं आली, तीही घर सोडून गेली.

मागच्या महिन्यात एक नवं जोडपं आलं, ओडिशाचं, दोघंही नोकरी करणारी. सामान अजून जिन्यात होतं, तेव्हाच आई काठी टेकत खाली गेली. मी म्हटलं, अगं थांब, त्यांना मराठी येत नसेल. तिनं ऐकलं नाही. त्या मुलीपुढे उभी राहिली आणि सावकाश म्हणाली, "पाणी सकाळी पावणेसहाला येतं. आठला जातं." मग परत एकदा तेच, तितकंच सावकाश.

मुलगी हातातलं खोकं खाली ठेवून म्हणाली, "पावणे... सहा."

"हो," आई म्हणाली, "पावणेसहा."

नमस्कार.