थिजलेले डिझेल: गोव्यातून हिमालयात गाडी नेणाऱ्यांसाठी

डिसेंबरातल्या पहाटे सत्तरी तालुक्यातल्या घरांत खोबरेल तेलाची बाटली पांढरी होऊन थिजते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तेल बिघडलेले नसते. सुमारे 24 अंशांखाली ते घट्ट होते आणि उन्हात ठेवले की पुन्हा पातळ होते. डिझेलचेही असेच आहे. त्यात मेण मुळातच विरघळलेले असते, आणि पुरेशी थंडी पडली की त्या मेणाचे बारीक कण सुटे होऊन फिल्टरच्या कागदावर साचतात. हिवाळ्यातील साध्या डिझेलने 6 अंशांपर्यंत फिल्टरमधून वाहावे, एवढीच अपेक्षा भारतीय मानक ठेवते. उन्हाळ्यासाठी ती मर्यादा 18 अंश आहे. म्हणून फोंड्यात टाकी भरून, तेच डिझेल घेऊन केलाँग किंवा लेहला मुक्काम करणाऱ्याची गाडी सकाळी अडली, तर पंप बदलण्याची घाई करू नये, असे मी कळकळीने सांगतो.

निदानाची सुरुवात कानाने करावी. सेल्फ मारताना इंजिन जड, मंद फिरत असेल तर दोष इंधनाचा नसून बहुधा बॅटरीचा असतो, कारण थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि ऑइलही घट्ट होते. इंजिन जोरात फिरते, पण पेट घेत नाही आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, अशा वेळी डिझेल सिलिंडरपर्यंत पोचलेले असते. मग ग्लो प्लग (सुरू होताना सिलिंडर तापवणारे प्लग) आणि त्यांना वीज देणारा रिले तपासावा. गाडी सुरू होते, दोन-चार मिनिटे चालते आणि मग ओढ कमी होत बंद पडते, हे मात्र फिल्टर मेणाने तुंबल्याचे ठळक लक्षण आहे. त्यावर ऊब हाच उपाय: गाडी बंदिस्त जागेत किंवा उन्हात घ्यावी, फिल्टर बदलावा, पण टाकीखाली शेगडी किंवा पेटता बोळा कदापि धरू नये. मेण रोखणारे द्रव्य थंडी पडण्याआधी टाकायचे असते. थिजलेले मेण ते विरघळवत नाही. जुन्या ट्रकचालकांप्रमाणे रॉकेल मिसळणेही टाळावे, कारण आजच्या कॉमन रेल इंजिनातील उच्च दाबाच्या इंधन पंपाला वंगण डिझेलमधूनच मिळते.

पेट्रोल गाडीत थिजण्याचा प्रश्न नाही. चावी फिरवल्यावर टाकीतील पंपाची दोन सेकंदांची घरघर ऐकू आली, तर पंप निदान फिरतो आहे, एवढे समजावे.

दोन्ही इंधनांत खरा शत्रू पाणी आहे, आणि ते आपण इथूनच नेतो. आपल्या पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी ठेवली की दमट हवेतील बाष्प आत जमते. गोव्यात ते तळाशी निमूट पडून राहते. शून्याखाली त्याचा बर्फ होऊन नळी अडते. पेट्रोलमधील इथेनॉल हे पाणी शोषते खरे, परंतु थंडीत त्याची पाणी सामावण्याची क्षमता घटते आणि दोघे मिळून तळाशी वेगळे होतात.

तेव्हा निघण्यापूर्वी डिझेल फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू सैल करून साचलेले पाणी काचेच्या भांड्यात काढून पाहावे, आणि चढण लागण्याआधी टाकी जवळजवळ रिकामी होईल अशा बेताने तिथलेच हिवाळी डिझेल भरावे. लडाखसाठी इंडियन ऑइलने 2019 मध्ये आणलेले असे डिझेल उणे 33 अंशांपर्यंत वाहते राहते.