खाऱ्या टाकीतला झिरो एरर

(कोल्हापुरात हौशी मत्स्यपालकांच्या बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, मी उद्यमनगरातला लेथवाला माणूस. आमच्याकडं नवं पोरगं कामाला आलं की पहिल्या दिवशी त्याला मशीनला हात लावू देत नाहीत. हातात व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं सरकत्या जबड्यांचं माप, देतात आणि सांगतात, जबडे मिटव आणि शून्यावर शून्य बसतंय का बघ. बसत नसेल तर तो झिरो एरर. तो धरला नाही तर दिवसभराचा लॉट भंगारात जातो, आणि काम करणाऱ्याला संध्याकाळपर्यंत पत्ता नसतो, कारण त्याचं प्रत्येक माप त्याच्या दृष्टीनं बरोबरच आलेलं असतं.

हे दुसऱ्याला शिकवणाऱ्या मी घरी खाऱ्या पाण्याची टाकी मांडली, तेव्हा मागवलेला रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाण्याच्या थेंबावरनं खारटपणा सांगणारा मीटर, डब्यातनं काढला, साध्या पाण्यावर शून्य लावला आणि वापरायला सुरुवात केली. टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे अडीचशे लिटर. क्षारता 35 पीपीटी हवी, म्हणजे हजार ग्रॅम पाण्यात 35 ग्रॅम क्षार, मीटर 35 दाखवतोय. मी खूश. पाच-सहा महिन्यांनी क्लीनर श्रिंप, कोळंबीचीच एक जात, कात टाकताना मेली. मग दुसरी. मग गोगलगायी काचेवरनं खाली पडायला लागल्या. मी फिल्टर बदलला, खाणं बदललं, दिवा कमी केला. शेवटी एका मित्रानं 35 चं प्रमाणित द्रावण आणून काचेवर थेंब टाकला, तर माझा मीटर म्हणतोय 31! म्हणजे ज्याला मी 35 समजत होतो ते 39 च्या पुढं होतं. शून्यावर शून्य होतं, पण वर पट्टी चुकलेली. व्हर्नियरमध्येही हे होतं. जबड्यांशी बरोबर आणि मधल्या मापाला खोटं. म्हणून आम्ही स्लिप गेज, म्हणजे नेमक्या मापाचे पोलादी ठोकळे, लावून बघतो. घरी मात्र बघितलं नाही.

पण खरा तोटा त्यानंतर झाला. त्याच रात्री मी तीसेक लिटर खारं पाणी उपसलं आणि गोडं पाणी ओतून आकडा 35 वर आणला. सकाळी उरलेली श्रिंप आणि स्टारफिश दोन्ही गेले होते. मासे खारटपणा उतरलेला बऱ्यापैकी सोसतात, बिनकण्याच्या जीवांना तो झटका झेपत नाही. सहा महिने त्यांच्या अंगवळणी पडलेलं मी सहा तासांत उतरवलं. दिवसाला एखादा पीपीटी, एवढ्याच चालीनं उतरवायला हवं होतं.

आता द्रावणाचं. बाजारात मिळतं ते घ्याच, पण घरीही करता येतं. 36.5 ग्रॅम साधं मीठ आणि 963.5 ग्रॅम डिस्टिल्ड वॉटर. हे मिश्रण रिफ्रॅक्टोमीटरला 35 पीपीटीच्या समुद्राच्या पाण्यासारखंच दिसतं. स्वयंपाकघरातला काटा इथं चालणार नाही, गुजरीत ओळखीचा सोनार असेल तर त्याच्याकडनं मीठ तोलून आणा. गंमत बघा, हेच मीठ टाकीत चालत नाही, कारण समुद्रात सोडियम क्लोराइडबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट, बायकार्बोनेट असतं. मीटर तपासायला मात्र ते बेस्ट. थेंब टाकल्यावर अर्धा मिनिट थांबा, काचेचं आणि पाण्याचं तापमान एक होऊ द्या.

मीटर खरा झाला तरी आकडा आपणच हलवतो. उन्हाळ्यात पंखा लावला की पाणी उडतं, मीठ उडत नाही. समजा रोज तीन लिटर उडालं. आठवड्यात एकवीस. भर घातली नाही तर 35 चे 38 होतात. ही भर गोड्या पाण्याची घालायची. मला भेटलेल्या निम्म्या लोकांनी ती तयार खाऱ्या पाण्याची घातलेली असते, म्हणजे आठवड्याला सातशे ग्रॅमच्या वर जास्तीचं मीठ. काचेवर मार्करनं रेघ मारा, रोज त्या रेघेपर्यंत भरा. दहा रुपयांचा मार्कर.

आणि ते गोडं पाणी कुठलं? नळाचं नको, क्लोरीन असतं. हायपो, म्हणजे क्लोरीन मारायचे खडे, टाकला तर क्लोरीन मरेल, बाकीचे क्षार राहतील. मग लोक म्हणतात, आमच्याकडं आरओ आहे की. घरच्या आरओमध्ये बऱ्याचदा चवीसाठी टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, वाढवणारा अॅडजस्टर असतो, तो कच्चं पाणी परत मिसळतो. तुमच्या पिण्याच्या पाण्याचा टीडीएस सत्तर-ऐंशी असेल. टाकीला शून्याच्या जवळचा हवा. आणि हल्ली तांब्याचं काडतूस असलेल्या मशीन येतात. आपल्या पोटाला चांगलं म्हणून विकतात, ठीक आहे. पण तांबं हे श्रिंप, गोगलगायी, प्रवाळ यांचं विष आहे, अगदी थोडं असलं तरी. माशांना व्हाइट स्पॉट, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, झाला की तांब्याचं औषध देतात, ते वेगळ्या टाकीत. मोठ्या टाकीत ओतलं तर दगड आणि वाळू ते शोषून ठेवतात आणि पुढं कधीतरी सोडतात.

माझ्याच धंद्यातला किस्सा. आमच्यातल्या एकानं हौसेनं पितळेचा निपल, म्हणजे पाइपचा जोड, लेथवर टर्न करून परतीच्या, म्हणजे पंपाकडनं टाकीत पाणी आणणाऱ्या, पाइपला बसवला. काम असं देखणं की बघत राहावं! पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. महिन्याभरात टाकीतलं बिनकण्याचं एकूण एक गेलं. खाऱ्या पाण्याशी प्लास्टिकचंच जमतं. स्टीलच्या क्लिपासुद्धा गंजतात.

फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊन लख्ख करणाऱ्यांना एवढंच सांगतो की ती घाण म्हणजे अमोनिया खाणारे जिवाणू. ते जमायला चार ते सहा आठवडे लागलेले असतात. टाकीतनं काढलेल्या पाण्यातच पिळा, आणि सगळे स्पंज एका दिवशी नको.

लाइट गेल्यावरचं बघू. खाली सम्प, म्हणजे फिल्टर-पंपाची दुसरी टाकी, असेल तर पंप थांबला की वरचं पाणी परतीच्या पाइपमधनं उलटं उतरतं. माझ्या मापाच्या टाकीत एक इंच म्हणजे चौदा लिटर. तीन इंच उतरलं आणि सम्पमध्ये जागा नसली तर बेचाळीस लिटर खारं पाणी फरशीवर, आणि तिथंच तुमचा एक्स्टेंशन बोर्ड. पाइपला पाण्याच्या पातळीखाली बारीक भोक पाडलं की तिथनं हवा शिरते आणि सायफन तुटतो, पण त्या भोकात शेवाळ बसतं. म्हणून महिन्यातनं एकदा, घरी असताना, मुद्दाम मेन बंद करून बघा. वायरींना बोर्डाआधी खाली झोळ द्या, म्हणजे थेंब तिथनं गळेल. आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच, नसेल तर उद्या आधी तो, मग मासे.

मघाशी एकांनी विचारलं, रत्नागिरीहून कॅन भरून पाणी आणलं तर? आंबा घाट उतरून जायचं, परत यायचं, डिझेलचा हिशेब तुम्हीच करा. पावसाळ्यात किनाऱ्याचं पाणी नद्यांनी पातळ झालेलं असतं, बंदराजवळ तेलाचा तवंग असतो. आणलंच तर मीटर लावा, तोही तपासलेला. आणि किनाऱ्यावरनं प्रवाळाचा तुकडा उचलून आणायचा मोह टाळा. दगडी प्रवाळ आणि समुद्रघोडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत.

बरं, ज्यांनी आपापले मीटर आणलेत त्यांनी टेबलाकडं या. बाटलीत द्रावण आहे, कापूस आहे. एकेकानं थेंब टाका आणि आकडा मोठ्यानं वाचा. माझा मीटर आधी लावतो. हसू नका.