सांबऱ्याचा रनवे, एप्रिलची दुपार

हा सांबऱ्याचा, म्हणजे बेळगाव विमानतळाचा रनवे, मूळचा 1942 सालचा, ब्रिटिशांच्या हवाई दलाचा. उंची समुद्रसपाटीपासून जवळजवळ अडीच हजार फूट. आता ह्यावर उभी असलेली ही चार सीटची सेस्ना 172 बघा. एप्रिलची दुपार, पारा 36 वर, आणि एवढ्या उकाड्यात हवा इतकी विरळ होते की विमान साडेपाच हजार फुटांवर असल्यासारखंच वागतं. पायलट लोक ह्याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. इंजिनाची ताकद कमी, प्रोपेलरची ओढ कमी, पंखांची उचलही कमी, तिन्ही एकदमच. म्हणून निघायच्या आधी मिक्स्चर जरा लीन करून घ्यायचं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी सोडायचं.

थ्रॉटल पूर्ण पुढं. नाक डावीकडं पळतंय, उजव्या पायानं रडर, म्हणजे शेपटीच्या उभ्या फळीचं पेडल, दाबून धरायचं. स्पीडचा काटा हललाच नाही तर तिथंच ब्रेक, पुढचा विचारच नको.

खरी गंमत पुढं आहे. काट्यावर 55 नॉट (तासाला साधारण 100 किलोमीटर) आले की कंट्रोल ओढून हळूच नाक उचलायचं, गोव्यात असो नाहीतर बेळगावात, आकडा तोच. पण विरळ हवेत तेच 55 दिसायला विमानाला जमिनीवर जास्त जोरात पळावं लागतं, त्यामुळं खिडकीतनं बघणाऱ्याला वाटतं बास की, झाला स्पीड, ओढा आता. आणि ओढलं तर उचलतंय सुद्धा! कारण जमिनीलगत पंखांच्या लांबीएवढ्या उंचीपर्यंत ड्रॅग, म्हणजे हवेचा अडथळा, कमी असतो. तिथनं वर गेलं की तो फायदा संपला, विमान चढेना, वेगही धरेना, मग माणूस घाबरून अजून ओढतो आणि स्टॉल, म्हणजे पंखांची उचलच तुटते. अहो रनवे 2,300 मीटरचा आहे, छोट्या विमानाला घाई कशाला? जमिनीलगतच 70-80 नॉट येऊ द्या, मग चढा.

चढताना इंजिन बंद पडलं तर काय, हे खाली असतानाच मोठ्यानं बोलून ठरवायचं. कमी उंचीवर मागं वळायचा मोह वाईट, नुसतं 180 अंश वळून रनवे सापडत नाही, अजून वळावं लागतं, आणि तिरक्या वळणात उंची भराभर जाते. नाक लगेच खाली, वेग राखायचा, समोरच मोकळं शिवार बघायचं. पूर्वेला उडालात तर बाळेकुंद्रीकडची शेतं आहेत, पश्चिमेला उडालात तर शहर जवळ येत जातं. पावसाळ्यात वारा पश्चिमेचाच, हवा गार, विमान मस्त चढतं, पण ढग डोक्याशी.

उन्हाळ्यात सकाळी लवकर उडालेलं बरं. दुपारीच जायचं, तेही चौघं बसून आणि टाक्या फुल, तर आधी विमानाच्या पुस्तकातला टेकऑफचा तक्ता उघडा, मग कुणाला उतरवायचं ते बघा.