रीळ बदलेपर्यंत
(लघुमाहितीपटाचं निवेदन)

(दृश्य: १६ मिलिमीटरचा प्रोजेक्टर. ऑपरेटरचे हात जवळून.)

आधी हे हात बघा.

फिल्मचं टोक वरच्या दातेरी चाकावर बसवलं. भोकं दात्यांत अडकली. आता थोडी फिल्म मुद्दाम ढिली सोडायची. या ढिल्या वळणाला लूप म्हणतात. त्याच्या पुढं गेट, म्हणजे फिल्म जिच्यातून जाते ती छोटी चौकट, आणि गेटमागे दिवा. गेटमधून फिल्म सलग सरकत नाही. एक बारीकसा पंजा सेकंदाला २४ वेळा तिला खाली ओढतो आणि दर खेपेला क्षणभर थांबू देतो. वरचं चाक मात्र अखंड फिरतच असतं. एकीकडं थांबणं, दुसरीकडं फिरणं. मधला ताण ही ढिली फिल्म सोसते. लूप कमी पडला की पडद्यावरचं चित्र नाचायला लागतं आणि मागच्या रांगेतून पहिली शिट्टी येते.

गेटच्या खाली दुसरा लूप, त्याच्याखाली आवाजाचा ड्रम, फिल्मवरचा आवाज वाचला जातो ती जागा. १६ मिलिमीटरच्या प्रिंटवर आवाज आपल्या चित्राच्या २६ फ्रेम पुढं छापलेला असतो. खालचा लूप दोन बोटं जास्त सुटला, तर नायिकेचे ओठ मिटल्यावर तिचं वाक्य ऐकू येतं. म्हणून हे हात घाई करत नाहीत.

(दृश्य: दिवा लागतो. पडद्यावर पांढरा चौकोन.)

ही यंत्रं फिल्म सोसायट्यांनी वर्षानुवर्षं चालवली. ऑपरेटर मिळाला तर ठीक, नाहीतर सभासदांपैकीच कुणीतरी शिकून घ्यायचा. इथं तिकीटखिडकी नसे. वर्गणी भरायची, सभासद व्हायचं, सिनेमा बघायचा आणि बघितल्यावर लगेच घरी पळायचं नाही.

(दृश्य: जुनी छायाचित्रं, नकाशा.)

लंडनमध्ये १९२५ साली अशी सोसायटी निघाली. बर्नार्ड शॉ आणि एच. जी. वेल्स तिच्या पाठीराख्यांत होते. १९४७ मध्ये कलकत्त्यात सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्ता फिल्म सोसायटी काढली. राय तेव्हा जाहिरात कंपनीत चित्रकार होते, त्यांचा पहिला चित्रपट यायला आठ वर्षं अवकाश होता. आधी प्रेक्षक, मग दिग्दर्शक, असा हा क्रम. १९५२ मध्ये भारतात पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. १९५९ मध्ये देशातल्या सोसायट्यांचा महासंघ झाला आणि राय त्याचे अध्यक्ष. १९६८ मध्ये मुंबईत मराठी मंडळींनी प्रभात चित्र मंडळ उभं केलं. त्यामागं सुधीर नांदगावकर, दिनकर गांगल अशी माणसं होती.

(दृश्य: पुणे, लॉ कॉलेज रस्ता. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. मांडणीवर पत्र्याचे गोल डबे.)

पण दाखवायचं काय? परदेशी वकिलाती आपापल्या देशांचे चित्रपट देत. ते फक्त सभासदांना दाखवायचे असल्यानं सेन्सॉरच्या कात्रीतून सुटत. आता ही गोष्ट लपवण्यात काही अर्थ नाही: कित्येक सभासद तेवढ्यासाठीच वर्गणी भरत. न कापलेला सिनेमा म्हटलं की हॉल भरायचा, आणि हवं ते दृश्य येऊन गेलं की खुर्च्या वाजायला लागायच्या. जे उरले, त्यांच्यासाठीच हा सगळा खटाटोप होता.

दुसरा आधार हे संग्रहालय. १९६४ साली ते सुरू झालं. पुढच्याच वर्षी पी. के. नायर इथं आले आणि १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत डबे गोळा करत राहिले. दादासाहेब फाळक्यांची उरलीसुरली रिळं टिकली त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. पण नुसतं जपून ठेवणं नायरांना पुरेसं वाटत नसे. संग्रहालयाच्या प्रिंट सोसायट्यांकडं जात, त्या बघितल्या जात, आणि परत येत.

(दृश्य: तपासणीचं टेबल. दोन रिळं, हातानं फिरवायचं हँडल. सुती मोजा घातलेला हात.)

परत आलेली प्रिंट अशी तपासतात. एका रिळावरून दुसऱ्या रिळावर फिल्म सावकाश गुंडाळायची आणि तिची कड अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून जाऊ द्यायची. बघावं लागत नाही, बोटांना कळतं. कुठं भोक फाटलं असेल तर मोज्याचा धागा अडकतो. तिथं थांबायचं. फाटका भाग कापायचा, दोन टोकं जोडायची, दाबून धरायची. कागदावर नोंद करायची. अशा दर जोडाबरोबर एकदोन फ्रेम कायमच्या जातात. लोकप्रिय सिनेमाची प्रिंट त्यामुळं हळूहळू आखूड होत जाते. हा बघा, या एकाच रिळावर किती जोड आहेत.

(दृश्य: सायक्लोस्टाइलचं यंत्र. शाईचा रोलर.)

आणि हे दुसरं यंत्र, सभासदांना वाटायच्या माहितीच्या कागदाच्या प्रती काढायचं. मेणाचा थर असलेला स्टेन्सिलचा कागद, त्यावर टाइपरायटरनं किंवा लोखंडी लेखणीनं लिहायचं. चुकलं तर लाल द्रव लावायचा, फुंकर मारायची, वाळला की वरून पुन्हा लिहायचं. मग हँडल फिरवा, कागद बाहेर. दिग्दर्शक, देश, साल, लांबी आणि खाली कथा. पूर्ण कथा, शेवटासकट. कारण कित्येक प्रिंटवर इंग्रजी उपशीर्षकंही नसत. पोलिश किंवा हंगेरियन संवाद कुणाला कळणार?

आज कुणी शेवट सांगितला की मैत्री तुटायची वेळ येते. या सभासदांना शेवट ठाऊक असायचा. पुढं काय होणार ही उत्सुकता संपलेली, मग लक्ष जायचं ते दिग्दर्शक तिथवर कसा पोचतो याच्याकडं. कॅमेरा दारातच का थांबला, आत का गेला नाही. हा कट इतका उशिरा का. मला विचाराल तर चित्रपट बघायला शिकवण्याचं निम्मं काम या शाईनं बरबटलेल्या कागदानं केलं.

(दृश्य: पुन्हा प्रोजेक्टर. रीळ संपतं, फिल्मचं टोक फडफडतं. दिवे लागतात.)

उरलेलं काम इथं झालं. १६ मिलिमीटरचं १६०० फुटांचं रीळ साधारण ४४ मिनिटं चालतं. दोन तासांचा सिनेमा म्हणजे तीन रिळं, आणि प्रोजेक्टर एकच. रीळ बदलेपर्यंत हॉलमध्ये उजेड. शेजारच्या माणसाचा चेहरा दिसला की बोलणं आलंच. सिनेमा अर्धाच झालेला असताना झालेली ही मतं गमतीची असत, कारण पुढचं रीळ ती खोटी ठरवू शकत होतं. ठाम बोललेला माणूस शेवटी जरा गप्प बसे.

(दृश्य: वर्गातलं जुनं छायाचित्र, फळ्यावर दृश्यांचे चौकोन.)

या बोलण्याला शिस्त लावली ती रसास्वाद शिबिरांनी. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सतीश बहादूर चित्रपट रसास्वाद शिकवत. संग्रहालय आणि इन्स्टिट्यूट मिळून उन्हाळ्यात अभ्यासक्रम भरवत, आणि सिनेमाच्या धंद्याशी काही संबंध नसलेली माणसं रजा टाकून त्याला येत. ‘आवडला’ एवढं म्हणून तिथं भागायचं नाही. कुठल्या दृश्यात, कशामुळं, ते दाखवायला लागे. फळ्यावरचे हे चौकोन त्यासाठीच आहेत.

यातून समीक्षक आले, दिग्दर्शक आले, ‘वास्तव रूपवाणी’सारखं मराठी नियतकालिक आलं, महोत्सव आले, मग घरोघरी टीव्ही आणि व्हिडिओ आला आणि बऱ्याच सोसायट्या बसल्या.

(दृश्य: आजचं छोटं सभागृह. लॅपटॉप, डिजिटल प्रोजेक्टर. तरुण मुलंमुली.)

आता डबे नाहीत, फाइल आहे. ती फाटत नाही आणि मध्ये थांबतही नाही. इथं चालकांनी एक नियम केला आहे: सिनेमाच्या मध्यावर दहा मिनिटं दिवे लावायचे. फोन खिशातच. पाचपैकी किती तारे, हे विचारायचं नाही. नवीन आलेल्यांना हे जाचक वाटतं, तसं ते बोलूनही दाखवतात.

(दृश्य: दिवे लागलेले. दोन मुली वाद घालताना. मागच्या रांगेतले गृहस्थ उठून उभे राहतात.)

हिचं म्हणणं, नायक खोटं बोलतो आहे. तिचं म्हणणं, कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आहे, म्हणजे दिग्दर्शकाचा त्याच्यावर विश्वास आहे. मागच्या गृहस्थांना दोन्ही पटलेलं नाही. त्यांचं कारण आवाजाचं आहे: त्या प्रसंगात रस्त्यावरचे आवाज एकाएकी बंद होतात.

निवेदन इथं संपतं. पुढचं त्यांच्याच तोंडून.