नंबर जातो, डोळा तोच राहतो

नमस्कार मंडळी. आधी एक छोटी कृती करू. उजवा हात समोर सरळ धरा, अंगठा वर करा आणि त्याच्या नखावर नजर रोखा. नजर तिथून हलवायची नाही. आता शेजारी कोण बसलंय ते ओळखा बरं. कुणीतरी आहे एवढं कळतं, हात हलवला तर लगेच जाणवतं, पण नाक-डोळे काही दिसत नाहीत. स्वच्छ दिसतं ते जेमतेम त्या नखाएवढं, म्हणजे 2 अंशांच्या आसपास. बाकी सगळी कडेची नजर. नाकाच्या बाजूला ती साधारण 60 अंशांपर्यंत जाते आणि कानाच्या बाजूला 90च्याही पुढे. दवाखान्यातला अक्षरांचा तक्ता मात्र परीक्षा घेतो ती त्या नखाएवढ्या तुकड्याची.

हे आधी सांगायचं कारण म्हणजे माझ्याकडे आलेला एक तरुण. रात्रपाळीला गाडी चालवायचा. उणे 5चा नंबर होता, लेसर करून घेतलं, दोन्ही डोळ्यांनी तक्त्याची शेवटची ओळ वाचत होता. तरी म्हणाला, "डॉक्टर, समोरचं लख्ख दिसतं, पण बाजूचं काहीतरी वेगळं वाटतं. ऑपरेशननं कडेचं कमी झालं का?" त्याला मी दोन मिनिटांत उत्तर देऊन मोकळा झालो, आणि ते उत्तर अपुरं होतं. आज पुरतं सांगतो.

लेसर नेमकं करतं काय? डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेला, म्हणजे पारपटलाला, ते मध्यभागी किंचित चपटं करतं. पारपटलाची जाडी मध्यावर अर्ध्या मिलीमीटरहून थोडी जास्त असते. त्यातला थर काढायला वापरतात तो एक्सायमर लेसर, 193 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश. उष्णतेनं आजूबाजूचं न जाळता पेशीजाल इतक्या नेमकेपणानं काढता येतं, हे दाखवून देणाऱ्यांत मद्रासमध्ये जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन होते. 1981 साली न्यूयॉर्कजवळच्या आयबीएम या संगणक कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या तुकड्यावर तो चालवून पाहिला. मला ही गोष्ट सांगायला मनापासून आवडते.

आता हिशेब बघा. किती खोल काढायचं ते नंबरावर ठरतं, आणि ज्या गोलात काढायचं त्याच्या व्यासाच्या वर्गावरही. ढोबळ सूत्र असं: व्यासाचा वर्ग गुणिले नंबर, भागिले 3. 6 मिलीमीटरचा गोल आणि 5 नंबर म्हणजे 60 मायक्रॉन, मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. तोच गोल 7 मिलीमीटरचा केला तर 80च्या वर. पारपटल काही अमर्याद जाड नसतं. फार पातळ झालं तर ते आतल्या दाबानं पुढे फुगू शकतं. म्हणून गोल 6 ते साडेसहा मिलीमीटरचा ठेवतात आणि त्याच्या भोवती हळूहळू मूळ वळणात मिसळणारा एक पट्टा सोडतात.

कडेच्या नजरेची सगळी गोष्ट या पट्ट्यात आहे. बाहुली पारपटलाच्या 3 मिलीमीटर मागे असते. समोरून येणारा प्रकाश गोलाच्या मधून आत जातो. 30 अंशांवरून तिरका येणारा प्रकाश मात्र मध्यापासून जवळजवळ पावणेदोन मिलीमीटर सरकलेल्या जागेवरून आत शिरतो, आणि बाहुली मोठी असेल तर त्याचा काही भाग पट्ट्यातून किंवा लेसर न लागलेल्या भागातून येतो. परिणाम असा की मध्यभागी नंबर शून्य झाला तरी कडेला थोडा उणे नंबर शिल्लक राहतो. हे मोजलेलं आहे. माझ्या रुग्णाला वाटत होतं ते खोटं नव्हतं.

मग बहुतेकांना त्रास का होत नाही? कारण डोळ्याच्या मागच्या बाजूला ज्याच्यावर चित्र उमटतं, त्या पडद्याची कड मुळातच बारीक वाचण्यासाठी नाही. 30 अंशांवर मधल्या तीक्ष्णतेचा दहावा हिस्साही उरत नाही. तिथं एक-दीड नंबरचा धूसरपणा आला तरी सहसा कळत नाही, आणि हालचाल टिपण्याचं काम चालूच राहतं. शिवाय चष्म्याशी तुलना केली तर बहुतेकांचा फायदाच होतो. फ्रेमच्या बाहेरचं त्यांना आयुष्यभर पुसट दिसत आलेलं असतं. ऑपरेशननंतर गाडीचा आरसा मान न वळवता दिसला म्हणून हरखून जाणारी माणसं मी पाहिली आहेत. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना मात्र हा फरक फारसा जाणवत नाही.

रात्री गोष्ट बदलते. अंधारात बाहुली उघडते, तरुणांची 7 मिलीमीटरपर्यंतही जाते. मग समोरून येणारा प्रकाशसुद्धा गोलाच्या कडेवरून आत येतो. समोरच्या ट्रकच्या दिव्याभोवती कडं दिसतं, प्रकाश पसरतो आणि त्या पसरलेल्या उजेडात रस्त्याच्या कडेनं चालणारा माणूस हरवतो. इथं कडेचा पडदा शाबूत असतो, पण त्याच्यापर्यंत पोचणारं चित्र धुवून निघालेलं असतं. अनेकांत हे काही महिन्यांत कमी होतं, काहींत राहतं. नव्या यंत्रांत पारपटलाचं नैसर्गिक वळण जपायचा प्रयत्न असतो, त्यानं प्रमाण घटलंय. तरीही रात्री गाडी चालवणं हाच ज्याचा पोटाचा धंदा आहे, त्यानं मोठा नंबर घालवण्याआधी अंधारातली बाहुली किती मोठी होते ते विचारलंच पाहिजे. त्या तरुणाला हे कुणी सांगितलं नव्हतं. मला त्याचं वाईट वाटतं.

मला जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. उणे नंबराचा डोळा लांब असतो. सर्वसाधारण डोळा 24 मिलीमीटरचा, आणि दर जादा मिलीमीटरला अडीच-तीन नंबर. लेसर पुढची काच बदलतं, लांबी बदलत नाही. मागचा पडदा ताणलेला होता तसाच राहतो, आणि कडेला तो विरलेल्या धोतरासारखा पातळ असू शकतो. लोक म्हणतात, "आमचं लेसर झालंय, आता पडद्याचं काय तपासायचं?" अहो, ते लेसर पारपटलाच्या पृष्ठभागावरच शोषलं जातं, पडद्यापर्यंत पोचतच नाही. पडद्यावरची छिद्रं बंद करायला वापरतात ते लेसर निराळं. पडदा सुटायला लागतो तो बहुधा कडेकडून. आधी विजेसारखे लखलखाट, अचानक काळ्या ठिपक्यांचा पाऊस, मग एका बाजूनं सावली. असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, सोमवारपर्यंत थांबायचं नाही.

काचबिंदू, म्हणजे बहुधा डोळ्यातल्या दाबानं नजरेची नस झिजण्याचा रोग, हाही उणे नंबरवाल्यांत जास्त आढळतो. तो बहुधा बाजूची नजर आधी खातो, आणि इतक्या गुपचूप की मेंदू ती भोकं भरून टाकतो. त्यात लेसरनं पारपटल पातळ झालेलं. नेहमीच्या पद्धतीनं डोळ्याचा दाब मोजला तर तो खऱ्याहून कमी भरतो. आकडा बरा दिसतो आणि रोग निसटतो. म्हणून पुढे कुठल्याही नेत्रतज्ज्ञाकडे गेलात तरी पहिलं वाक्य हेच असू द्या: "माझं लेसर झालेलं आहे." चष्मा नाही म्हटल्यावर समोरच्याला ते कळायला मार्ग नसतो.

ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्यांची फाईलही टाकू नका. नंबर, पारपटलाची जाडी, त्याचं वळण, सगळं घराच्या कागदपत्रांसोबत ठेवा. साठीत मोतीबिंदू काढताना भिंगाचा नंबर ठरवायला हेच आकडे लागतील.

तो तरुण आता दर वर्षी येतो. आम्ही डोळ्यात औषध घालून बाहुली मोठी करतो आणि पडद्याची कड चहूबाजूंनी बघतो. अर्धा दिवस त्याला गाडी चालवता येत नाही, म्हणून तो सुट्टीचा वार धरून येतो आणि सोबत भावाला आणतो.