बंडीखालचा कंदील

रामराम मंडळी. जेवणं व्हायची असतील तर ताट घेऊनच बसा.

आज उजेडाच्या वेगाचं बोलू. सेकंदाला जवळपास 3 लाख किलोमीटर. पुन्हा सांगतो, सेकंदाला, तासाला नाही. अन् तुमच्या रेडिओतली लहरही तेवढ्याच वेगाची, म्हणजे माझा आवाज तोंडातून वीतभर दूरच्या माईकपर्यंत पोचायला जेवढा वेळ लागते ना, तेवढ्यात टॉवरवरची लहर दीडशे किलोमीटर निघून गेलेली असते.

आता ती गोष्ट. मी सातवी-आठवीत असेन, शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, पाहून मामाजीसोबत रात्री बंडीनं परत येत होतो. तेव्हा पटात डीजे नव्हता हो, बैलाचे घुंगरू ऐकू यायचे, आता कानात बोटं घालून बसा लागते, असो. बंडीखाली कंदील टांगलेला, त्याचा उजेड बैलाच्या खुरापुढं हातभर पडे. मी म्हटलं, मामाजी, आपली जोडी उजेडाएवढी पळाली तं कंदिलाचा उजेड समोर पडन का?

मामाजी बराच वेळ काही बोलले नाही. मंग म्हणे, "भाचेबुवा, तेवढं पळाले ह्यायले ढेप किती लागन, ते सांग आंधी."

मी हसलो. पण मामाजीचं उत्तर बरोबर होतं, हे मले बीएस्सीला गेल्यावर समजलं! 1905 साली आईनस्टाईननं हेच मांडलं. ज्याला वजन आहे त्याला उजेडाच्या वेगाला न्यायचं तर शक्ती लागते अमर्याद, सगळ्या दुनियेची ढेप चारली तरी पुरत नाही. जिनिव्हाजवळ सर्न नावाच्या संशोधन संस्थेच्या 27 किलोमीटरच्या गोल बोगद्यात प्रोटॉन, म्हणजे अणूच्या आतले बारीक कण, पळवतात, ते उजेडाच्या वेगाच्या 99.999999 टक्क्यांवर जातात, त्यावर कितीही चारा, वेग दशांशात सरकते, पूर्ण शंभर होत नाही. नाहीच होत. उजेडाला स्वतःला वजन नाही, म्हणून त्याला ते जमते.

अन् माझा प्रश्न? शंभराच्या जरा खाली पळणाऱ्या बंडीवर बसलेल्याला कंदिलाचा उजेड समोर जाताना दिसतेच, अन् तोही सेकंदाला 3 लाख किलोमीटरनंच.

हे त्या रात्री सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मामाजी तोवर म्हणत होते, "उतर, कंदील बारीक कर, घासलेट जळून रायलं."